चौथीच्या मुलांना नकाशा वाचायला कसे शिकवावे?

प्रश्न : शिक्षिका, मराठी प्राथमिक शाळा, खानापूर तालुका (जि. बेळगाव, कर्नाटक)

नमस्कार. मी चौथीला परिसर अध्ययन शिकवते. मुलांना आठही दिशांची नावे तोंडपाठ आहेत. पण भिंतीवरच्या नकाशात उत्तर दाखवा म्हटले की ती वरच्या कडेवर बोट ठेवतात, आणि खरी उत्तर कोणत्या बाजूला असे विचारले तर कित्येक जण छताकडे हात करतात. नदी खाली वाहते म्हणजे नकाशातही ती वरून खालीच आली पाहिजे, असा त्यांचा समज आहे. त्यामुळे आपल्याच तालुक्यात उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे जाते, हे निळी रेघ समोर असूनही त्यांच्या गळी उतरत नाही. याच मुलांना शिवारातली प्रत्येक पायवाट ठाऊक आहे, म्हणून जास्त वाईट वाटते. पायाखालची जमीन आणि कागद यांची सांगड घालायला सुरुवात कोठून करावी?

उत्तर : निवृत्त शिक्षक, बेळगाव

बाई, सर्वांत आधी नकाशा भिंतीवरून उतरवा. तो जमिनीवर पसरून त्याची उत्तर खऱ्या उत्तरेशी जुळवावी आणि मुलांना सभोवती बसवावे. आपल्याकडे एक सोय आहे : लोंढा, खानापूर आणि बेळगाव ही तीन स्थानके साधारणपणे दक्षिणोत्तर ओळीत येतात. मुलाने नकाशावर खानापूरहून बेळगावकडे बोट न्यावे आणि तोच हात पुढे लांबवावा; बेळगावची गाडी ज्या बाजूला जाते तिकडेच हात वळलेला दिसला की छताकडे बोट करण्याचा प्रश्न उरत नाही.

उत्तर निश्चित करण्यासाठी केवळ उगवत्या सूर्यावर विसंबू नये, कारण जूनमध्ये तो पूर्वेच्या बराच उत्तरेला आणि डिसेंबरमध्ये बराच दक्षिणेला उगवतो. त्यापेक्षा मैदानात एक सरळ काठी उभी रोवून दुपारी बारापासून तिच्या सावलीचे टोक दर पाच मिनिटांनी खडूने किंवा खड्याने नोंदवावे. बेळगाव भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बऱ्याच पश्चिमेला असल्यामुळे आपल्याकडे सर्वांत आखूड सावली बाराला पडत नाही, ती साडेबाराच्या आसपास पडते, आणि ती रेघ म्हणजे दक्षिणोत्तर रेषा. मात्र येथे एक गोष्ट फार थोडे शिक्षक ध्यानात घेतात. मे महिन्याच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, त्यामुळे त्या काळात ही सावली दक्षिणेकडे पडते. नेमक्या त्याच दिवसांत शाळा सुरू होते, दिशांचा पाठही बहुधा तेव्हाच येतो आणि खानापूरच्या पावसात ऊन मिळणेही कठीण. म्हणून सावलीचा प्रयोग दिवाळीनंतर ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर : शिक्षिका, निपाणी

सरांनी सांगितलेल्या प्रयोगापर्यंतचा पावसाळा मी वर्गाच्या आराखड्यासाठी वापरते. चौथीतील मूल टेबल काढते तेव्हा समोरून दिसणारे चार पाय काढते. वरून पाहण्याची त्याला सवय नसते. त्यासाठी डबा, डस्टर, कंपासपेटी अशा वस्तू कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायला सांगावी आणि वस्तू उचलावी. उरलेला आकार हाच त्या वस्तूचा नकाशा.

प्रमाण शिकवायला शहाबादी फरशीसारखे साधन नाही. मुलांनी वर्गाच्या लांबी-रुंदीत किती फरश्या बसतात ते मोजावे आणि चौकटीच्या वहीत एका फरशीला एक चौकट धरून भिंती, दार, फळा आणि स्वतःची बसण्याची जागा काढावी. फरश्या चौरस नसतील, तर पावलांनी मोजावे. हे जमल्याशिवाय एका सेंटिमीटरला इतके किलोमीटर असे सांगण्याची घाई करू नये.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

दोघांचेही आभार. नदीचा गोंधळ मात्र दिशा कळल्यावरही राहील, असे वाटते. शिवाय काही मुलांचे आजोळ सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात आहे आणि कर्नाटक राज्याच्या नकाशात ते गाव शोधूनही सापडत नाही.

उत्तर : निवृत्त शिक्षक, बेळगाव

नदीचा उतार सपाट कागदावर दिसत नाही, म्हणून तो आधी मातीत दाखवावा. शाळेच्या आवारात ओल्या मातीचा उत्तर-दक्षिण असा लांबट उंचवटा करावा आणि माथ्यावर तांब्याने हळूहळू पाणी ओतावे. काही पाणी एका अंगाला, तर काही दुसऱ्या अंगाला ओघळेल. मग सांगावे की आपल्या खानापूर तालुक्यात हेच घडते : कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेकडे जाऊन कूडलसंगमला कृष्णेस मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरात जाते, तर याच तालुक्याच्या जंगलातून निघालेली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते आणि मांडवी म्हणून अरबी समुद्राला मिळते. उंचवट्यावर 'कणकुंबी' लिहिलेली चिठ्ठी टोचली, तर मुले स्वतःच पाण्याचा मार्ग बोटाने दाखवू लागतात. त्यानंतर भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा दाखवावा. त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर असतो. पाणी निळे, जंगल हिरवे, शेती पिवळी आणि उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा तपकिरी असतात. चौथीला समोच्च रेषांचे गणित नको. रेषा दाट तेथे चढ उभा, एवढे पुरे.

आजोळाबद्दल सांगायचे तर, राज्याचा नकाशा राज्याच्या सीमेपाशी थांबतो, त्यामुळे पलीकडची गावे त्यात नसणे साहजिक आहे. मुलांना तसे सरळ सांगावे आणि बेळगाव मध्यभागी घेऊन नवा नकाशा काढायला लावावा. वेंगुर्ला रस्त्याने हिंडलगा, सुळगा, उचगाव, बाची आणि त्यापुढे शिनोळी अशी गावे मांडली की बाची आणि शिनोळी यांच्यामध्ये सीमेची तुटक रेघ येते आणि आजोळालाही कागदावर जागा मिळते. सूचीत त्या रेघेची खूण मुलांकडूनच लिहून घ्यावी.

मोबाइलवरील नकाशा या सर्वांनंतर द्यावा. त्यातला निळा ठिपका 'मी कोठे आहे' याचे उत्तर आयते देतो, आणि ते उत्तर शोधण्याचाच सराव मुलांना हवा आहे.