पंधरा वर्षांची स्प्लेंडर, नुकतंच पासिंग झालेलं. या पासिंगवर कितपत विसंबायचं?

घाटावरची_मी

नमस्कार. मी लॅब टेक्निशियन आहे, कंत्राटी. कणकवलीला काम मिळालंय आणि राहायला दाजीपूरच्या बाजूला. म्हणजे रोज सकाळी फोंडा घाट उतरायचा, संध्याकाळी चढायचा. जाताना एसटी मिळते, पण परतीची चुकली की सगळी संध्याकाळ स्टँडवर जाते. म्हणून जुनी मोटरसायकल बघतेय.

एक गाडी पसंत पडलीय. २०१० ची हिरो होंडा स्प्लेंडर प्लस, दुसऱ्या जिल्ह्यातली. मीटरवर ३८ हजार किलोमीटर. मालक २७ हजार मागतोय. त्याचं म्हणणं असं की मागच्याच महिन्यात री-पासिंग झालंय, म्हणजे आरटीओने तपासून नोंदणी वाढवून दिलीय, २०३० पर्यंत बघायला नको. पासिंगला हजार रुपये फी आणि दोन हजार पर्यावरण कर भरला, तेवढे तरी किमतीत धरा म्हणतो. पासिंगच्या दिवशीचा फोटोही दाखवला. फोटोत दोन्ही आरसे आहेत, आता गाडीला एकही नाही. विचारलं तर म्हणाला, "पोरांनी फोडले."

आई म्हणते, सरकारने तपासून पास केलीय, मग तू अजून काय बघणार? भाऊ म्हणतो पासिंग म्हणजे पाच मिनिटांचा खेळ. मला गाडीतलं पंक्चरपलीकडे काही कळत नाही. ब्रेकची काळजी वाटते, कारण आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच असेल.

मधली_आळी

भावाचं बरोबर आहे. आमच्या स्कूटरचं दोन वर्षांपूर्वी झालं. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घेतली, हॉर्न वाजवला, इंडिकेटर लावले, झालं. चालवून कुणी बघितली नाही. आमच्यामागे रांगच एवढी होती की साहेबांना तरी काय दोष द्यायचा. पण स्प्लेंडर आहे हो, डोळे झाकून घ्या. काही होत नाही त्या इंजिनाला.

जुना_पाना

ताई, डोळे झाकून घेऊ नका. इंजिनाला काही होत नाही हे खरं, पण घाटात तुम्हाला थांबवणार आहे ते इंजिन नव्हे.

एकतीस वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. पासिंगसाठी गाड्या तयार करून द्यायचं काम मी भरपूर केलंय, तेव्हा आधी माझं पाप सांगतो. माझ्या भिंतीवर खिळ्याला आरशांची एक जोडी कायम टांगलेली असायची. गिऱ्हाईक सकाळी लावून न्यायचं, दुपारी परत आणून द्यायचं. त्या एका जोडीने किती गाड्या पास केल्या याचा हिशोब नाही. तुमच्या गाडीचे आरसे पोरांनी फोडलेले नाहीत, ते परत गेलेत. टायरही उसने दिलेत, चाकासकट. स्प्लेंडरचं पुढचं चाक काढायला वेळ तो किती लागतो!

पीयूसीचंही तेच. उभी गाडी चालू ठेवून नुसता धूर मोजतात. कार्बोरेटरचा एअर स्क्रू जरा फिरवला की आकडे बसतात. घरी जाताना गाडी गचके खाते म्हणून तो पुन्हा होता तसा.

म्हणून पासिंग खोटं असं मी म्हणणार नाही. चेसिस आणि इंजिनाचा नंबर कागदाशी जुळवून बघितलेला असतो, कर भरलेला असतो, नोंदणी पाच वर्षं जिवंत असते. जुन्या गाडीत ही थोडकी गोष्ट नाही. आईंना एवढं सांगा की कागद तपासला गेलाय. ब्रेकचा ड्रम उघडून आतले लायनर, म्हणजे झिजणारं अस्तर, बघायला तिथे कुणी बसलेलं नसतं. आणि त्या सकाळी असलेली गाडी आज तीच आहे का, हे आरशांवरून तुम्हालाच दिसलंय.

ब्रेक तुम्ही स्वतः बघू शकता, पाना लागत नाही. चाकाच्या मधोमध, ब्रेकची दांडी जिथे ड्रमच्या झाकणाला मिळते तिथे एक छोटा बाण असतो आणि झाकणावर एक खूण. कुणाला तरी ब्रेक पूर्ण दाबून धरायला सांगा आणि बाण बघा. खुणेला टेकला किंवा पुढे गेला तर लायनर संपले. विकणारे काय करतात, तर दांडी काढून एक दात फिरवून बसवतात. पेडल कसं घट्ट लागतं, गिऱ्हाईक खूश. पण बाण कॅमवर, म्हणजे लायनर ड्रमला दाबणाऱ्या आतल्या तुकड्यावर, बसलेला असतो, तो दांडीबरोबर फिरवता येत नाही. लायनर फार झिजले आणि कॅम उलटला तर चाक जाम होतं. उतारावर ओल्या रस्त्यात ते व्हायला नको.

मग गाडी मेन स्टँडवर घ्या. कुणाला तरी मागे दाबायला सांगून पुढचं चाक उचला आणि हँडल अगदी सावकाश डावीउजवीकडे फिरवा. मधोमध खटकन बसल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. मागचं चाक धरून आडवं हलवा. चाकाबरोबर चिमटाही, म्हणजे मागचं चाक धरणारा दुहेरी दांडा, हलत असेल तर त्याचे बुश गेलेत. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून, म्हणजे दातेरी चाकावरून, बोटाने मागे ओढा, अर्धा दात उघडा पडला तर चेनसेट (चेन आणि स्प्रॉकेट) बदलायचा.

टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २२१४ म्हणजे २०१४ सालच्या बाविसाव्या आठवड्यातला. नियमाने दुचाकीला ०.८ मिलिमीटर नक्षी चालते. पण जुलैत फोंडा घाटात मी तेवढ्यावर जाणार नाही, आणि दहा वर्षांचं कडक झालेलं रबर असेल तर नक्षी कितीही असू दे.

मीटरच्या ३८ हजारांकडे बघूच नका. केबल काढायला दोन मिनिटं. त्यापेक्षा फूटरेस्टचं रबर आणि ब्रेक पेडल किती गुळगुळीत झालंय ते बघा. आणि जाल तेव्हा इंजिनाला आधी हात लावा. गरम इंजिन सहज उठतं, खोड कळत नाही. गरम लागलं तर गार होईपर्यंत चहा घ्या, मग किक मारा.

कागद_आधी

पानाकाकांनी कागद ठीक म्हटलंय, तरी परिवहनच्या ॲपवर गाडी नंबर टाकून कर्जाचा बोजा राहिलाय का ते बघा. बोजा असेल तर फॉर्म ३५ (कर्ज फिटल्याचा) शिवाय पैसे देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्या समोर. विमाही नावावर करून घ्या, लोक ते विसरतात. २०१९ च्या आधीची गाडी आहे, तेव्हा नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवलीय का तेही बघा.

घाटावरची_मी

रविवारी भावाला घेऊन गेले. इंजिन गरमच होतं! "तुम्ही येणार म्हणून चालू करून ठेवली," म्हणाला. आम्ही चहा घेतला. गार झाल्यावर तिसऱ्या किकला सुरू झाली.

पुढचा बाण खुणेच्या बराच अलीकडे. मागचा खुणेच्या पलीकडे गेलेला. पुढचा टायर ०९१४. हँडल मधोमध खटकतं, मला वाटलं माझाच भास, पण भावालाही लागलं. चिमटा हलत नाही. चेन निम्म्याहून जास्त उचलली गेली. बोजा नाही, प्लेट नवी आहे.

हे सगळं मालकाला दाखवलं तर प्रत्येक वेळी एकच उत्तर, "अहो, पासिंग झालंय ना." शेवटी २२ हजारांवर आलाय. घेऊ का सोडू?

जुना_पाना

चिमटा घट्ट आहे आणि इंजिन गार असताना उठलं, म्हणजे गाडीचं अंग चांगलं आहे. बाकी सगळं बदलायचा माल. दोन्ही टायर, चेनसेट, कोनसेट, दोन्हीकडचे लायनर, मजुरी धरून सहा-सात हजारांच्या घरात जाईल. अठरा-एकोणीसला देत असेल तर घ्या, बावीसला नको. पासिंगचे तीन हजार त्याने स्वतःच्या गाडीला भरलेत, ते तुमच्या माथी कशाला?

घेतलीत तर मागचं चाक उघडल्यावर मेकॅनिकजवळ उभ्या राहा. ड्रमच्या आत नख फिरवून बघा, काठाला पायरी लागली तर नुसते लायनर बदलून भागणार नाही. नवे लायनर बसले की पहिले काही दिवस सपाटीवर चालवा, लगेच घाटात नेऊ नका. आणि उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, नुसत्या ब्रेकवर सोडू नका.

घाटावरची_मी

साडेअठराला तुटलं. मंगळवारी चाक उघडायचंय, मी रजा टाकलीय. आरसे मात्र मी नवे घेतले, दोन्ही.