स्ट्राडचे एचपी मी पडद्याआड वाढवले. चूक केली का?

मध्यरात्रीचा_डीएम

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीअँडडी), म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत भूमिका खेळायचा खेळ, त्याची पाचवी आवृत्ती. स्ट्राडचं कॅम्पेन, म्हणजे एक सलग लांब गोष्ट, दीड वर्ष, दर रविवारी, पुण्यात आमच्या डायनिंग टेबलावर. चार खेळाडू, सगळे नवव्या लेव्हलचे. मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि सगळ्या राक्षसांच्या वतीने फासे टाकणारा.

ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी: स्ट्राड हा रेव्हनलॉफ्ट गडाचा मालक, व्हँपायर. कॅम्पेनभर पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या टोळीला, छळतो आणि शेवटी गडावर त्याच्याशी गाठ पडते. कागदावर त्याचे हिट पॉइंट्स, म्हणजेच एचपी, १४४; एवढा मार बसला की तो संपला. त्याच्या वाट्याचा ५०पर्यंतचा मार झेलणारं हृदय गडाच्या बुरुजात असतं, ते या लोकांनी आधीच्याच सेशनला फोडलं होतं.

लढाई सुरू. पॅलाडिनच्या (धर्मयोद्ध्याच्या) हातात सनसोर्ड ही उजेडाची तलवार, इनिशिएटिव्हमध्ये, म्हणजे पाळ्यांच्या क्रमात, पहिला नंबर. पहिलाच वार नॅट ट्वेंटी (वीस बाजूंच्या फाशावर थेट २०), वर स्माइट, म्हणजे वाराला जोडलेली दैवी जादू. दुसराही लागला, त्यावरही स्माइट. दोन वारांत १०९. मग रोगने (पार्टीतल्या चोराने) २७. राहिले ८. पुढची पाळी स्ट्राडची, आणि तलवारीचा उजेड म्हणजे नियमाने ऊनच, त्यात पाळी सुरू झाली की व्हँपायरला २०चा फटका. म्हणजे दीड वर्ष ज्याची दहशत बसवली तो गडी तोंड उघडायच्या आत खलास. माझं भाषण तयार होतं हो!

मी स्क्रीनच्या (डीएमचे कागद झाकणाऱ्या पुठ्ठ्याच्या) मागे १४४ खोडून २६० लिहिले. लढाई अजून चार राउंड चालली, शेवटी पॅलाडिननेच मारलं. टेबलावर आरडाओरडा, मिठ्या. कोणाला काही कळलं नाही.

माझं म्हणणं असं की मुख्य खलनायकाची ताकद कागदावर नाही, प्रसंगात ठरते. चार जणांच्या चार पाळ्या आणि त्याची एक, हे गणितच मुळात त्याच्या विरोधात आहे. मग डीएमने पारडं सावरलं तर बिघडलं कुठे?

टोपणनाव_सापडेना

बिघडलं. नॅट ट्वेंटी पडल्यावर पॅलाडिनने नाचून घेतलं असेल ना? तो नाच तुम्ही रद्द केलात, फक्त त्याला कळवलं नाहीत. १०९चा मार देऊनही शेवट तुम्ही म्हणाल तेव्हाच होणार असेल तर फासे टाकायचे कशाला? गोष्ट वाचून दाखवा, चहा घ्या, घरी जा.

चिंचगुळ

मी खेळाडू आहे, डीएम नाही, आणि मी धागाकर्त्याच्या बाजूने. आमच्याकडे डीएमने प्रामाणिकपणा दाखवला होता. आठ महिने ज्या ड्रॅगनच्या मागे होतो तो दुसऱ्या राउंडला गेला. सगळे एकमेकांकडे बघत बसलो. कोणीतरी म्हणालं, "बरं, पिझ्झा मागवायचा का?" ही आठवण घेऊन मी काय करू?

पण माझी खरी तक्रार एचपीवर नाही, लेजेंडरी रेझिस्टन्सवर आहे. मी विझार्ड, म्हणजे जादूगार. मोठ्या बॉसला दिवसातून तीनदा, सेव्ह (जादूतून निसटायचा फासा) हुकला तरी "जमला" म्हणायची मुभा असते. म्हणजे माझ्या पहिल्या तीन पाळ्या बॉसच्या खिशातली चिल्लर संपवण्यात जातात आणि तोवर तलवारवाले त्याला मारून मोकळे. बॉसला टिकवायचं तर एचपी वाढवा, माझी पाळी खाऊ नका.

आजीचा_वाडा

तीन रेझिस्टन्स काढून टाका, मग पहिल्या राउंडला तुम्हीच होल्ड मॉन्स्टरची जादू टाकून त्याला पुतळा कराल आणि इथे येऊन "बॉस फुसका निघाला" म्हणून धागा काढाल.

मूळ मुद्द्यावर. हा "बॅलन्स" शब्दच मला टोचतो. स्ट्राड पहिल्यांदा आला १९८३च्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे छापील साहसात. तेव्हाही पत्त्यांवरून ठरायचं की तलवार कुठे आहे आणि त्याला नेमकं काय हवंय. त्याची ताकद यात होती की तुम्ही त्याच्या घरात आहात आणि घर त्याला पाठ आहे. आपल्या गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो, तर कोणी म्हणतं का की राक्षसाचे एचपी कमी पडले? पोपट शोधेपर्यंतचा प्रवास हीच लढाई. तुमच्या खेळाडूंनी हृदय फोडलं, तलवार मिळवली, दीड वर्ष खपून पोपट पकडला. मान पिरगाळायच्या वेळी तुम्ही म्हणालात, थांबा, याला अजून एक पोपट आहे.

कढीपत्ता

पाथफाइंडर या याच जातीच्या खेळाची दुसरी आवृत्ती खेळा, प्रश्न मिटेल. तिथे लेव्हल जवळपास प्रत्येक आकड्यात मिसळलेली असते आणि लक्ष्यापेक्षा १०ने जास्त पडलं की क्रिट, म्हणजे दुप्पट मार. पार्टीपेक्षा चार लेव्हल वरचा एकटा बॉस आणलात की चार जणांसाठी ती पुस्तकातली सगळ्यात जीवघेणी पायरी. बॉस खरोखर बॉस वाटतो, डीएमला खाडाखोड करावी लागत नाही.

चिंचगुळ

खेळलेय. तिथे बॉसवर माझे निम्मे वार हुकतात आणि त्याचा प्रत्येक दुसरा क्रिट असतो. ज्या जादूने बॉस एका फटक्यात बाद होऊ शकेल तिच्यावर तर वेगळं लेबलच आहे, बॉसचा निकाल आपोआप एक पायरी चांगला धरायचा. चिल्लर तीच, खिसा वेगळा.

कढीपत्ता

निम्मे हुकतात कारण तुम्ही आधी त्याला घाबरवत नाही, पाडत नाही, घेरत नाही. असो. त्यासाठी वेगळा धागा काढतो.

(अवांतर: एचपी फुगवण्याचा प्रयोग खुद्द डीअँडडीने करून बघितलाय. २००८च्या चौथ्या आवृत्तीत "सोलो" राक्षस होते, साध्या राक्षसाच्या कितीतरी पट एचपी. दुसऱ्या तासाला लोक फोन काढायचे. पुढच्या पुस्तकांत एचपी उतरवून मार वाढवावा लागला.)

टोपणनाव_सापडेना

धागाकर्ते, दोन प्रश्न.

१. पॅलाडिनची पाळी संपली तेव्हा स्ट्राडच्या लेजेंडरी ॲक्शन्स कुठे होत्या? दुसऱ्याची पाळी संपताच वापरायच्या अशा तीन असतात त्याला. त्यातली एक नुसती हालचाल, ३० फूट, तीसुद्धा मागून वार न खाता. सनसोर्डचं ऊन १५ फूट लख्ख आणि पुढे १५ फूट अंधुक. तो पॅलाडिनला खेटून उभा होता, म्हणजे ५ फुटांवर. त्यात ३० मिळवले की ३५, उन्हाच्या बाहेर. मग रोगने बाण मारून २७ काढले असते तरी ८ उरतात, पाळी सावलीत सुरू होते, २०चा फटका बसत नाही. वर गडात असताना लेअर ॲक्शनने, म्हणजे स्वतःच्या घरातल्या खास ताकदीने, भिंतीतून आरपार जाता येतं. खालच्या मजल्यावर उतरून पंधरा मिनिटांनी परत आला असता तर तुमचं भाषणही झालं असतं.

त्याला १४४ कमी पडले नाहीत. तुम्ही त्याला उन्हात उभा करून हात बांधलेत.

२. त्या जादाच्या चार राउंड्समध्ये कोणी मेलं का?

मध्यरात्रीचा_डीएम

पहिल्याचं उत्तर: विसरलो. १०९चा आकडा ऐकून डोकं बधिर झालं होतं. पण हे सगळं घरी बसून नकाशावर सुचतं. टेबलावर चार जण ओरडत असतात, एकाला नियम विचारायचा असतो, मांजर मिनिएचरवर झोपलेलं असतं.

दुसऱ्याचं: हो. क्लेरिक, म्हणजे पार्टीतली पुजारीण. तिसऱ्या राउंडला.

आजीचा_वाडा

म्हणजे १४४च ठेवले असते तर ती जिवंत होती.

मध्यरात्रीचा_डीएम

हो. पण तिला ते मरण आवडलं! पॅलाडिनच्या आणि स्ट्राडच्या मध्ये उभी राहून गेली. तिने स्वतः सांगितलं की कॅम्पेनमधला तिचा सगळ्यात आवडता क्षण तो. आता मी काय म्हणू, की तो क्षण खोटा होता?

चिंचगुळ

हे वाचून माझं मत हललं. पार्टीच्या बाजूने फुगवाफुगवी केलीत तर मी डोळे मिटेन. पण ज्या राउंडमध्ये माझं कॅरेक्टर मेलं तो राउंडच नव्हता असं मला नंतर कळलं तर मी परत त्या टेबलावर बसेन का, सांगता येत नाही.

कढीपत्ता

मी उलट म्हणतो, सांगू नका. तिला आनंद झालाय तो काढून घेऊन तुम्हाला काय मिळणार, मनःशांती? तिच्या पैशाने तीर्थयात्रा.

टोपणनाव_सापडेना

अहो, पण पुढच्या वेळी कोणीतरी पुस्तक चाळणारच. १४४ हा आकडा छापलेला आहे. पॅलाडिनने आपले १०९ नक्की कुठेतरी लिहून ठेवले असतील, नॅट ट्वेंटीचे आकडे कोणी विसरत नाही. बेरीज करायला किती वेळ लागतो?

मध्यरात्रीचा_डीएम

लिहून ठेवलेत. आमच्या ग्रुपचा डीपी आहे तो आकडा.

लेजेंडरी ॲक्शन्सचं मान्य, ती माझी चूक. काल रात्री नकाशा परत मांडून खेळून बघितलं, ३५ फूट बरोबर येतात. पण आकड्याला हातच लावायचा नाही, हे अजूनही पटत नाही. पुढचा बॉस लिच, म्हणजे मरूनही न संपलेला जादूगार, आहे. या वेळी त्याचे एचपी सेशनच्या आधी ठरवून चिठ्ठी पाकिटात घालून टेबलावर ठेवणार, त्यात काय लिहायचं तो हक्क मात्र माझा.

क्लेरिकवालीने नवीन कॅरेक्टरची शीट भरायला घेतलीये. रविवारी ती नेहमी अर्धा तास आधी येते. तेव्हा सांगतो.

आजीचा_वाडा

वृत्तांत टाका. आणि मांजराचा फोटो.