ईआरसीपी करून स्टेंट टाकला, आता आई पित्ताशयाच्या ऑपरेशनला तयार नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आई ६६ वर्षांची, काटोलला असते, शुगर आहे. मागच्या महिन्यात डोळे पिवळे झाले, लघवी गडद, शौचाला पांढरट. खाज तर अशी, की पाठीवर ओरखडेच ओरखडे. नातेवाईक काविळीची माळ घाला म्हणून मागे लागले होते, आम्ही तिला सरळ नागपूरला आणलं. सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे दिसले. एमआरसीपीत (पित्तनलिकेच्या एमआरआयमध्ये) कळलं की एक खडा खाली सरकून पित्तनलिकेत अडकलाय आणि पित्ताची वाटच बंद झालीय.

धंतोलीत एका ठिकाणी ईआरसीपी केली. तोंडातून दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेली, नलिकेचं तोंड थोडं कापून मोठं केलं, फुग्याने खडा ओढून काढला आणि पित्त वाहतं राहावं म्हणून प्लास्टिकचा स्टेंट (बारीक नळी) ठेवला. स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो म्हणून रात्रभर ठेवून घेतलं, पण तसं काही झालं नाही. हळूहळू खाज गेली, जेवण सुधारलं.

अडचण पुढे आहे. डॉक्टर म्हणतात, स्टेंट तीन महिन्यांच्या आत काढायलाच हवा, नाहीतर तो बुजतो आणि थंडी वाजून ताप येतो. शिवाय पित्ताशय काढा, नाहीतर पुन्हा एखादा खडा खाली उतरेल. आईचं एकच, "दुर्बिणीनं काढले ना खडे? मंग आता पुन्हा दुर्बीण कायले?" नलिकेतला खडा निघाला, पित्ताशयातले तसेच आहेत, हे कितीही समजावलं तरी तिला पटत नाही. बरं वाटतंय ना, मग झालं!

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया सांगा. स्टेंट काढताना पुन्हा पूर्ण ईआरसीपी करावी लागली, की साध्या एंडोस्कोपीत निघाला? पित्ताशय आधी काढलं की स्टेंट आधी? शुगरच्या पेशंटला लॅप्रोस्कोपीनंतर सावरायला किती दिवस लागले? नागपूरच्या मेडिकल किंवा सुपरला (सरकारी रुग्णालयांत) कुणी हे करून घेतलं असेल तर तारीख लवकर मिळते का, आणि महात्मा फुले योजनेत बसलं का? आतापर्यंतचा खर्च खिशातूनच झालाय.

आणि कुणी ऑपरेशन टाळलं असेल, तर पुढे काय झालं तेही मोकळेपणाने लिहा. मला आईला वाचून दाखवायचं आहे, माझ्यापेक्षा ती तुमचं ऐकेल. पुढच्या बुधवारी पुन्हा दाखवायला जायचंय, त्याआधी उत्तरं मिळाली तर फार बरं होईल.