१२ जून १९९३, नायजेरिया: एम. के. ओ. अबिओलांवर अर्धा तास बोलायचं आहे

पूसकाठ (ता. पुसद)
आमच्या गावच्या अभ्यासिकेत दर शनिवारी एक जण एका देशाबद्दल बोलते. या वेळी नायजेरिया, आणि मी अबिओला घेतले. योरुबा (नैऋत्य नायजेरियातला मोठा समाज) माणूस, मोठा उद्योगपती, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकला पण खुर्चीवर बसला नाही. ऐकायला एमपीएससीवाले पोट्टे राहतात, मागे ग्रामपंचायतीचे दोन-तीन सदस्य पण बसतात, ते आडवे प्रश्न विचारतात. पैसा आला कुठून? निवडणूकच रद्द झाली, मग जिंकले काहून म्हणता? आणि रांगेत उभं राहून मतदान झालं असं वाचलं, ते खरं का?

खतावणी
पैशापासूनच सुरू करा दादा, राजकारण त्यातूनच निघते. जन्म २४ ऑगस्ट १९३७, अबेओकुटा. बापाचं तेविसावं लेकरू, आधीची जगलीच नाहीत. लहानपणी जळाऊ लाकूड विकलं. बॅप्टिस्ट बॉइज हायस्कूल, मग ग्लासगोला जाऊन अकाउंटन्सी. हे ध्यानात ठेवा: हा माणूस गल्ल्यावर बसणारा व्यापारी नव्हता, हिशेबनीस होता. फायझर या औषध कंपनीत हिशेब सांभाळून तो आयटीटी या अमेरिकन टेलिफोन कंपनीत गेला आणि तिच्या नायजेरिया शाखेचा अध्यक्ष झाला. सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा आला, सरकार लष्कराचं होतं, आणि टेलिफोन-दळणवळणाची कंत्राटं देणारे अधिकारीही लष्करीच. ओळखी तिथे झाल्या. पुढे कॉनकॉर्ड वृत्तपत्रं, विमान कंपनी, शेती, बेकरी, फुटबॉल क्लब असा पसारा वाढला.

ही लष्कराशी दोस्ती लपवू नका. सभागृहात ती कोणी ना कोणी काढतेच, आणि ती खरी आहे. शाळा, मशिदी, चर्च, सगळ्यांना हात सैल सोडून देणग्या दिल्या हेही तितकंच खरं. ओळख आणि दानधर्म, दोन्ही मिळून त्यांचं नाव योरुबा भागाबाहेर गेलं. नाही तर उत्तरेत कोण विचारत होतं?

राजकारणातला पहिला डाव फसला. एनपीएन पक्षात गेले, पण १९८३ च्या निवडणुकीसाठी पक्ष तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष शगारींनाच पुढे करणार हे दिसल्यावर १९८२ मध्ये बाहेर पडले.

मतपेटी_वाशीम
रांगेचा घोळ मी सोडवतो, इथे बहुतेक जण चुकतात. तीन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात.

माणसांच्या उघड रांगा लावून मोजणी ही पद्धत १९९३ च्या आधीच्या, स्थानिक आणि राज्य पातळीवरच्या निवडणुकांत वापरली. 'ऑप्शन ए फोर' ही पक्षाने उमेदवार निवडण्याची पद्धत: आधी वॉर्ड, मग स्थानिक शासन, मग राज्य, मग राष्ट्रीय अधिवेशन. अबिओला तिथून वर आले आणि मार्च १९९३ मध्ये जोस शहरातल्या एसडीपी या त्यांच्या पक्षाच्या अधिवेशनात किंगिबे आणि अतिकू अबूबकर यांना मागे टाकून उमेदवार झाले. १२ जूनला मात्र तिसरीच, सुधारित खुली पद्धत होती.

ती सांगत बसू नका, करून दाखवा. वीस जण घ्या. आधी सगळ्यांची नावं यादीत तपासून खूण करा, पण कोणालाही जाऊ देऊ नका. तपासणी पूर्ण झाल्यावरच मतदान सुरू. एकेकाने कागद घ्यायचा, पडद्याआड अंगठा उठवायचा, आणि सगळ्यांसमोर ठेवलेल्या पेटीत टाकायचा. पेटी तिथेच उघडा, मोठ्याने मोजा, दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींची सही घ्या, आकडा तिथेच जाहीर करा. सगळे एकाच वेळी अडकून असल्यामुळे एका माणसाला दोन केंद्रांवर जाता येत नाही, हीच यातली मेख. तोटाही सांगा: यादीत नाव लावून जो कामावर निघून गेला त्याचं मत गेलं, मजुरीवाल्याचा दिवस बुडाला.

"जिंकले काहून म्हणता" याचं उत्तर इथेच आहे. आपल्याकडे ग्रामपंचायतीची मतदान यंत्रं सील होऊन तहसीलला जातात. तिथे मोजणी केंद्रावरच झाली आणि सह्यांच्या प्रती पक्षांच्या हातात राहिल्या. म्हणून निकाल दाबला तरी बेरीज लपली नाही: अबिओला सुमारे ८३.४ लाख, दुसऱ्या पक्षाचे उमेदवार बशीर टोफा सुमारे ५९.५ लाख, म्हणजे ५८ विरुद्ध ४२ टक्के. टोफा उत्तरेतल्या कानोचे, आणि कानोतही अबिओलाच पुढे. निवडणूक आयोगाने ३० राज्यांपैकी १४ राज्यं आणि राजधानी अबुजाचे आकडे लावले होते, तेवढ्यात थांबवलं.

पूसकाठ
कोणी थांबवलं? कोर्टाने की सरकारने?

खतावणी
दोघांनी, आणि तारखा नीट धरा. १० जूनच्या रात्री अबुजाच्या न्यायालयाने निवडणूकच थांबवायला सांगितलं. आयोगाचे अध्यक्ष हम्फ्री न्वोसू यांनी मतदान घेतलं, कारण सरकारच्याच एका हुकमाप्रमाणे न्यायालयाला त्यात हात घालता येत नव्हता. १५ जूनला दुसऱ्या आदेशाने निकाल थांबला. २३ जूनला लष्करशहा बाबांगिडांनी सगळंच रद्द केलं. ती घोषणा सही नसलेल्या कागदावरून वाचली गेली.

आणखी एक सांगा, पोट्ट्यांना आवडेल: ऑगस्टमध्ये बाबांगिडांनी हंगामी सरकार शोनेकान यांच्याकडे दिलं. तेही योरुबा, तेही बड्या कंपनीचे प्रमुख. नोव्हेंबरमध्ये लागोसच्या न्यायालयाने ते सरकार बेकायदा ठरवलं आणि काही दिवसांत, १७ नोव्हेंबरला, लष्करातले जनरल अबाचा सत्तेवर आले.

मतपेटी_वाशीम
पुढचं वेगाने न्या. ११ जून १९९४ ला अबिओलांनी लागोसच्या एपेटेडो भागात स्वतःला राष्ट्राध्यक्ष जाहीर केलं, २३ जूनला अटक. तेल कामगारांनी संप केला. ४ जून १९९६ ला पत्नी कुदिरत यांना लागोसमध्ये गोळ्या घातल्या. ८ जून १९९८ ला अबाचा वारले, सुटका होईल असं वाटत असतानाच ७ जुलैला अमेरिकन शिष्टमंडळाच्या भेटीत अबिओलांची तब्येत बिघडली आणि त्याच दिवशी ते गेले. शवविच्छेदनात हृदयविकार सांगितला, लोकांचा संशय गेला नाही. दोन्ही वाक्यं म्हणा, "विष दिलं" हे वस्तुस्थिती म्हणून नको.

१९९९ मध्ये निवडून आलेले ओबासांजो त्याच अबेओकुटाचे, त्याच शाळेचे. आणि लोकशाही दिन २९ मेवरून १२ जूनला नेला तो २०१८ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुहारींनी, ओबासांजोंनी नव्हे. परीक्षेत हाच गोंधळ होतो. पैशाला सात मिनिटं, पेटीच्या प्रयोगाला पंधरा, उरलेली तुरुंगवासाला. कागद आधीच कापून ठेवा आणि शाईचा पॅड न्या.