ऑर्केस्ट्राला २०० रुपये दिले नाहीत म्हणून आम्ही असंस्कृत?

खजिनदार_गोरेगाव
परवापासून तीन ग्रुपवर एकच पोस्ट फिरतेय. आपल्या इथल्या त्या हौशी ऑर्केस्ट्राच्या स्वयंसेवकांनी लिहिलीय. रविवारी १४ सोसायट्या फिरलो, लोकांनी तोंडावर दारं लावली, पिझ्झ्याला ७०० मोजणाऱ्यांना सुरांसाठी २०० जड झाले, गणपतीला न विचारता वर्गणी देतात आणि संगीत म्हटलं की वॉचमनला फोन करतात, ही कसली सांस्कृतिक मुंबई, संस्कृतीचा कणाच मोडला वगैरे वगैरे. तर त्या १४ मधली एक सोसायटी आमची आणि दार लावणारा इसम मी. आता माझंही ऐका.

रविवार, दुपारचे अडीच. मटण झालेलं, नुकता डोळा लागलेला. बेल. दोन पोरं, गळ्यात लॅमिनेट केलेला क्यूआर कोड. "काका, ऑर्केस्ट्रासाठी." मला वाटलं जुनी हिंदी गाणी, म्हटलं कधी आहे कार्यक्रम, मिसेसना आवडतात. तर म्हणे नाही काका, स्ट्रिंग ऑर्केस्ट्रा, म्हणजे व्हायोलिन-चेलो असली तारवाद्यं, मोझार्ट वगैरे. बरं, मोझार्ट तर मोझार्ट. पावती? नाही. संस्थेचं नाव? क्यूआर स्कॅन केला तर कुणातरी खासगी माणसाचं नाव आलं. मी ९ वर्षं सोसायटीचा खजिनदार आहे, जिन्यातल्या बल्बचं बिल नसेल तर ४० रुपये पास करत नाही, आणि हे लोक माझ्याकडून अनोळखी खात्यात २०० टाकून घेणार आणि नाही टाकले तर मी असंस्कृत! गणपती मंडळ निदान अहवाल छापतं हो. त्यात फुलांचा खर्च वाचून हसू येतं ते वेगळं, पण छापतं.

दुसरी_व्हायोलिन
काका, त्या दोघांतली उंच मुलगी मी. पोस्ट मी नाही लिहिली, आमच्यातल्या एकाने रात्री वैतागून टाकली आणि ती सुटली. पण एक सांगू का, तुम्ही पावती मागितली नाहीत. तुम्ही म्हणालात "हे असलं बांद्र्याला चालतं, इथे नाही" आणि मग दार लावलंत. मला शब्द न शब्द आठवतोय कारण घरी जाऊन रडले होते.

खजिनदार_गोरेगाव
झोपेत माणूस काहीही बोलतो. पावतीचं मनात होतं.

ताळेबंद
मनातली पावती ऑडिटला चालत नाही काका 😄 पण मुद्दा बरोबर आहे. ट्रस्ट नोंदलेला नसेल तर दारोदार वर्गणी घ्यायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, कलम ४१सी, गणपती मंडळं दरवर्षी घेतात तीच. आणि जे लोक ८०जी ची, म्हणजे देणगीवर आयकर सवलत मिळवून देणारी पावती मागून भाव खातात त्यांना विचारा रिटर्न कुठल्या रेजिममध्ये भरता, जुन्या करपद्धतीत की नव्या. नवीन रेजिममध्ये ८०जी मिळतच नाही, आणि जुन्यातही २००० च्या वरची रोख देणगी धरत नाहीत. अर्ध्या लोकांना पावती म्हणजे "नाही" म्हणायचा सभ्य मार्ग हवा असतो, बस.

लालबागचा_बेंजो
मूळ प्रश्न कोणी विचारणार आहे का? मोझार्टला पैसे कशाला? आमच्या परळ-लालबागला बेंजो पार्ट्या, म्हणजे बेंजो वाजवणारी पथकं होती, गल्लीगल्लीत. गिरणीत पाळी करून पोरं रात्री वाजवायची. त्यांच्यासाठी क्यूआर घेऊन कोण फिरलं? डीजेच्या भिंती आल्या आणि आमचं पोट मारलं. वीस जणांच्या पार्टीऐवजी एक माणूस आणि एक लॅपटॉप. तेव्हा कोणाच्या संस्कृतीचा कणा मोडला नाही. आता गोऱ्या लोकांचं संगीत आलं की लगेच कणा.

पेटीवाला
गोऱ्यांचं संगीत म्हणू नका राव, हसतील लोक. ज्या पेटीशिवाय आपलं भजन होत नाही ती कुठून आली? संगीत नाटकात पायपेटी वाजायची, तो ऑर्गन काय आळंदीला बनायचा? आणि असाच देशीचा झटका आला म्हणून १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. तीस वर्षं! परदेशी वाद्य म्हणून. आज ती पेटी परदेशी म्हणून दाखवा कोणाला. व्हायोलिन तर कर्नाटक संगीतात दोनशे वर्षांपासून मांडी घालून बसलंय. बेंजो तरी मूळचा कुठला? जपानी वाद्य आहे ते, टाइपरायटरसारखी बटणं असलेलं.

लालबागचा_बेंजो
ओ काका, बेंजो आमचा आहे. जपानी असेल तुमच्या पुस्तकात.

पेटीवाला
मी पण तेच म्हणतोय!! जो वाजवतो त्याचा.

तारदेवकर
इथे "ऑर्केस्ट्राला पैसे कशाला" वाचून बसवेना म्हणून लिहितोय, लांब होईल, माफी.

माझे वडील सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवायचे. सेकंड व्हायोलिन, तिसरी ओळ, पडद्यावर कधी नाव नाही. ताडदेवच्या फिल्म सेंटरला मी लहानपणी डबा घेऊन गेलोय. साठ-सत्तर माणसं एका खोलीत, गायक काचेपलीकडे, आणि एकाचा गज चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. वडील सांगायचे की शेवटच्या कडव्यात पानं उलटायचीसुद्धा भीती वाटायची, आवाज होईल म्हणून. गोव्याचे ख्रिश्चन, पारशी, आमच्यासारखे एकदोन मराठी, सगळे नोटेशन वाचणारे. ज्या गाण्यांवर तुम्ही लोक "आहाहा जुनं ते सोनं" करता ना त्यातली ती लाट येते तारांची, ती ही माणसं. मग सिंथेसायझर आला. नव्वदीत एक पोरगा की-बोर्डवर बोट दाबून तीस व्हायोलिनं काढायला लागला, खोटी, पण प्रोड्यूसरला कुठे कळतंय. आधी आठवड्याला पाच शिफ्ट, मग दोन, मग महिन्याला एक. शेवटी वडिलांनी शिकवण्या घेतल्या, आणि गिऱ्हाईक कोण, तर आईबापांना परीक्षेचं सर्टिफिकेट हवं असलेली मुलं. व्हायोलिन कपाटावर गेलं ते गेलं. एका पावसाळ्यात काढून बघितलं तर सरस सुटून फळी उघडलेली.

आणि या शहराने हे आधीही बघितलंय. व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी हा मोठा ऑर्केस्ट्रा उभा केला, शेवटी ते स्वतः परदेशी गेले. अँथनी गोन्साल्विस, प्यारेलालजींचे गुरू, त्यांनी १९५८ मध्ये झेवियर्स कॉलेजच्या आवारात रागदारी आणि सिम्फनी एकत्र करून कार्यक्रम केला, लताबाई आणि मन्ना डे गायला. पैशाअभावी पुढे चाललं नाही. त्यांचं नाव लोकांना माहीत आहे ते एका विनोदी गाण्यामुळे, बस. म्हणून ही पोरं दारात आली तर मला राग येत नाही.

लालबागचा_बेंजो
दादा, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण बघा, तुमच्या वडिलांचं आणि बेंजो वाजवणाऱ्या माझ्या काकाचं दुखणं एकच निघालं. मशीनने खाल्लं. फरक एवढाच की तुमच्यासाठी इंग्रजी पेपरात लेख येतात.

तारदेवकर
ते मान्य. लेख येतात, चेक येत नाहीत.

ट्रॅकवर_गातो
मशीनला शिव्या द्यायच्या आधी थांबा. मी शनिवार-रविवार कार्यक्रम करतो, ट्रॅकवर. मायनस वन, म्हणजे गायकाचा आवाज काढलेलं रेकॉर्डिंग लावायचं आणि गायचं. संयोजक बजेट सांगतात १५ हजार, त्यात साउंड, लाइट, निवेदक, आणि माझा टेम्पो. आठ वादक कुठून आणू? मग स्टेजवर दोन जण बसवतो, एक खराखुरा ढोलकी आणि एक पॅड, उरलेला ट्रॅक. पब्लिकला चालतं. ज्यांना चालत नाही ते तिकीट काढत नाहीत, फुकट पास मागतात. वर ऑर्केस्ट्रा शब्द उच्चारला की भाड्याचं घर मिळत नाही मुंबईत. घरमालक विचारतो, बारमध्ये का? डान्स बार बंद झाल्यावर तेच बार "ऑर्केस्ट्रा बार" म्हणून लायसन घेऊन बसले आणि आमच्या पोरींची लग्नं मोडली त्या शब्दापायी. माझ्या फिमेल सिंगरचं मोडलं, उगाच नाही सांगत.

पेटीवाला
ट्रॅकवर गाणं म्हणजे रेकॉर्डच्या पुढे उभं राहून हातवारे. माफ करा.

ट्रॅकवर_गातो
माफ नाही करत. तुमच्या भजनात तरी तानपुरा कोण छेडतं? मोबाईल अ‍ॅपच ना?

पेटीवाला
...अ‍ॅपच. पण सुरात असतं.

कर्जत_स्लो
विषयाशी संबंध आहे की नाही माहीत नाही पण मी अशाच एका ग्रुपमध्ये चेलो वाजवते आणि तो घेऊन लोकलने येते. लगेजच्या डब्यात. मासळीच्या पाट्या, फुलांची पोती आणि मी. कळव्याला रोज एक मामा विचारतात, "मॅडम, आत काय, माणूस?" लेडीज डब्यात घेतला तर बायका अंगावर येतात, आणि टीसीने एकदा लगेजचं तिकीट मागितलं. पुलावरून उतरताना कोणीतरी धक्का दिला आणि चेलोची ब्रिज, म्हणजे तारा उचलून धरणारी लाकडी पट्टी पडली, ३५०० गेले दुरुस्तीला. त्यामुळे २०० रुपये कशाला लागतात हे मला कोणी विचारू नका. तारा, गजाचे केस, ओलीत फुगणारं लाकूड, सगळं खातं पैसे.

खजिनदार_गोरेगाव
ताई, चेलो विकत घ्या हे कोणी सांगितलं नव्हतं. बासरी घ्यायची.

कर्जत_स्लो
हो ना, आणि तुम्हाला पण कोणी खजिनदार व्हा म्हटलं नव्हतं.

खजिनदार_गोरेगाव
बिनविरोध निवडून आलोय मी!!

ताळेबंद
बिनविरोध म्हणजे दुसरं कोणी तयार नव्हतं, आमच्याकडेही तसंच आहे 😄
बरं, कोणी सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामांसाठीचा निधी, का नाही म्हणतंय? कंपनी कायद्याच्या शेड्युल सातमधल्या यादीत कला-संस्कृती आहेच. नरिमन पॉइंटला टाटांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या एनसीपीए या कलाकेंद्राचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा २००६ पासून आहेच, पण सगळ्या गोष्टी टाटांनीच करायच्या असं थोडंच आहे.

दुसरी_व्हायोलिन
सीएसआरवाल्यांकडे गेलो होतो. ट्रस्ट नोंदवा, सीएसआर-१ चा फॉर्म भरा आणि तीन वर्षांचं काम दाखवा, मग या. पैशाशिवाय तीन वर्षं काम दाखवायचं कसं हे मात्र कुणी सांगत नाही. आणि एनसीपीएचं कौतुकच आहे पण त्या सीझनला कितीतरी वादक बाहेरून आणतात, का, तर इथे लहानपणापासून एकत्र बसून वाजवायला जागाच नाही. आमचं तेच आहे. २२ जण, सर्वात लहान ११ वर्षांची, सर्वात मोठे ६८, रेल्वेतून रिटायर. पैसे कोणी घेत नाही. खर्च म्हणजे शाळेचा हॉल, वॉचमनकाकांचे ३००, दोन चेलो भाड्याने, आणि शिकवायला येणाऱ्या सरांचा येण्याजाण्याचा. महिन्याला साडेअकरा हजार. हिशोब आहे, वहीत आहे. छापला नव्हता ही चूक. क्यूआर आमच्यातल्या एकीच्या बाबांचा होता कारण संस्थेचं खातं उघडायला बँकेने पाच हेलपाटे घालायला लावले, सहावा बाकी आहे.

लालबागचा_बेंजो
सरांना येण्याजाण्याचे, वॉचमनला ३००, शाळेला भाडं. म्हणजे सगळ्यांना पैसे, फक्त वाजवणाऱ्याला नाही. हेच चुकतंय. हौस म्हणून फुकट वाजवायची सवय लावलीत की उद्या लग्नात पण लोक म्हणणार एक्सपोजर मिळेल. माझ्या काकाने एकदा नगरसेवकाच्या हळदीला फुकट वाजवलं होतं, पुढची सहा वर्षं त्याच्याकडे सगळ्या हळदी फुकटच होत्या.

तारदेवकर
हे मात्र शंभर टक्के.

दुसरी_व्हायोलिन
६८ वर्षांच्या काकांना एक्सपोजर काय करायचंय दादा, त्यांना रविवारी घरातून बाहेर पडायचंय. पण ठीक आहे, जो बोलतोय त्याने धंदा म्हणून वाजवलंय तर त्याचं ऐकायला पाहिजे. डिसेंबरच्या कार्यक्रमात बेंजो घ्यायचा आमचा विचार होता, कोण वाजवतं ते सापडत नव्हतं. मानधन देऊ, थोडं असेल, पण देऊ.

लालबागचा_बेंजो
थोडं म्हणजे किती ते आधी ठरवा. आणि नोटेशन मला वाचता येत नाही. कानाने उचलतो.

पेटीवाला
चालेल हो, स्केल विचारून घ्या फक्त. बेंजो ट्यून करायला अर्धा दिवस जातो.

खजिनदार_गोरेगाव
सगळे मिळून माझ्या धाग्यावर कार्यक्रम ठरवताय, छान. "बांद्र्याला चालतं" हे मी बोललो असेन तर ते बरं नव्हतं. रडायचं काय त्यात, पण बरं नव्हतं. बाकी माझं म्हणणं तेच आहे. संस्थेच्या नावाचं खातं, नंबर टाकलेली पावती पुस्तिका, आणि दुपारी एक ते चार बेल वाजवायची नाही. हे झालं की या, मग बघू.

दुसरी_व्हायोलिन
येऊ. आणि काका, तुमच्या क्लबहाउसचं एक विचारायचं होतं. शाळा परीक्षेच्या महिन्यात हॉल देत नाही. रविवारी संध्याकाळी दोन तास मिळेल का, भाडं देऊ. एक जुना पियानो आहे देणगीत आलेला, तो ठेवायला पण जागा हवी होती.

खजिनदार_गोरेगाव
अर्ज द्या सेक्रेटरीच्या नावे, कमिटीत ठेवतो, माझं एकच मत आहे त्यात. डिपॉझिट लागेल. रात्री दहाला बंद म्हणजे बंद. आणि पियानो लिफ्टने चढवायचा नाही हे आत्ताच लिहून ठेवा, लिफ्टच्या मेंटेनन्सच्या करारावर सही माझी आहे.