ओझोनचं भोक गेलं कुठे?

उंटावरचा_शहाणा: 'शाळेत ओझोनच्या भोकावर निबंध लिहायला लावायचे, आता त्याचं नावही निघत नाही. फ्रिऑनचं पेटंट संपलं म्हणून कंपन्यांनी उठवलेली आवई होती ती.' परवाची ही पोस्ट, आणि खाली अंगठ्यांची रांग! अहो, फ्रिऑन म्हणजे फ्रीज-एसीतले सीएफसी गॅस, ते १९३०च्या सुमाराचं, मूळ पेटंटं १९५०च्या आसपासच संपली. सीएफसीला लगाम घालणारा माँट्रियल करार १९८७चा. मधली पस्तीसेक वर्षं कंपन्या काय झोपल्या होत्या? उलट १९७४ मध्ये मोलिना-रोलंड या शास्त्रज्ञांनी सीएफसीतला क्लोरीन उन्हातले घातक किरण अडवणारा वरचा ओझोन खातो असं मांडलं, तेव्हा याच कंपन्या त्यांच्या अंगावर धावून गेल्या. आता चर्चा नाही, कारण सीएफसी बंद झाले. छत गळायचं थांबलं की बादली उचलतात, म्हणून पाऊस खोटा होता का?

कोकणी_फणस: ती पोस्ट माझीच. फ्रीज वापरले अमेरिकेने, भोक पडलं अंटार्क्टिकावर. पेंग्विन एसी लावतात का?

उंटावरचा_शहाणा: वारं सीएफसी सगळीकडे नेतं. पण वातावरणात खूप वर, उणे ७८ अंशांखाली बनणारे ढग तिथेच जास्त. त्या ढगांच्या कणांवर क्लोरीन मोकळा होतो आणि सप्टेंबरात ऊन परतलं की ओझोनचा फडशा पाडतो. १९८५ साली अंटार्क्टिकातल्या हॅली तळावरच्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हेच भोक जगापुढे मांडलं.

मेलबर्नकर: इथे टोपी नसेल तर शाळेत पोरांना मैदानात सोडत नाहीत. भोक डोक्यावर असलं की कळतं!

उंटावरचा_शहाणा: तुमची बाजू माझीच, पण भोक तुमच्या डोक्यावर नसतं हो. तिथलं ऊन मुळातच कडक. ओझोन घटला की त्वचेचा कर्करोग नि मोतीबिंदू वाढतात, हे मात्र खरं.

माहीमच्या_काकू: गॅसचा विषय निघालाच आहे तर सांगते. तीन उन्हाळे एसीत गॅस भरला, दर वेळी अडीच हजार. यंदा एका पोराने साबणाचा फेस लावून दाखवलं, फ्लेअर नटपाशी, म्हणजे पाइपच्या जोडावर, बुडबुडे! गॅस काय पेट्रोल आहे संपायला? लुटारू सगळे.

थंडा_मेकॅनिक: काकू, सरसकट बोलू नका. गळती शोधायला अर्धा दिवस जातो. गिऱ्हाईक म्हणतं, 'भाऊ, नुसता गॅस मारा, उद्या पाहुणे येणारेत.' जुना गॅस काढून घ्यायला रिकव्हरी मशीन लागतं, त्याचे पैसे कोण देतो? सोडतो हवेत. मीही सोडलाय.

उंटावरचा_शहाणा: एसीतला जुना आर-२२ गॅस? त्यातही क्लोरीन आहे, राव! आर-१२ या जुन्या सीएफसीपेक्षा कमी मारक, एवढंच. म्हणून तर २०३० पर्यंत बंद करायचाय.

थंडा_मेकॅनिक: मशीन घेऊन द्या, मग शिकवा.

कोकणी_फणस: बघा, भुर्दंड शेवटी गरिबालाच.

उंटावरचा_शहाणा: म्हणूनच भारत-चीन अडून बसले होते. १९९० मध्ये लंडनला गरीब देशांच्या मदतीसाठी निधी ठरला, १९९२ मध्ये आपण करारात आलो.

कोकणी_फणस: बरं, पेटंटचं मागे घेतो. खूश? पण आर-१२च्या बदली आणलेला आर-१३४ए गॅस पृथ्वी तापवतो, म्हणून २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत पुन्हा करार. एक खड्डा बुजवायला दुसरा खणला, हे तरी माना.

उंटावरचा_शहाणा: मानलं. मात्र आर-१२ त्याच्या कितीतरी पट तापवायचा, हे तुम्ही सोयीस्कर विसरलात.

माहीमच्या_काकू: ते राहू दे. नट बदलायचे आठशे मागतोय, देऊ का?

थंडा_मेकॅनिक: फोटो टाका आधी.