आमवात, स्टेरॉइड आणि ‘ऑस्टिओपेनिया’चा रिपोर्ट : डॉक्टरांना पुढे काय विचारावे?

शेवंती :
नमस्कार. माझे वय 54 असून गेली 11 वर्षे मला आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि तीन वर्षांपासून रोज 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू आहे. पाळी जाऊन चार वर्षे झाली. नुकत्याच केलेल्या डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या, तपासणीत कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाच्या तुलनेतला आकडा) उणे 1.2 आणि खुब्याचा उणे 2.2 आला. ‘ऑस्टिओपेनिया (हाडांची घनता थोडी कमी) आहे, कॅल्शियम घ्या’ एवढे सांगून मला घरी पाठवले. हे पुरेसे आहे का?

पिंपळपान :
ताई, आकडा उणे 2.5 या ऑस्टिओपोरोसिसच्या (हाडे ठिसूळ होण्याच्या) रेषेच्या अलीकडे राहिला की सुटल्यासारखे वाटते. मलाही वाटले होते. पण आमवात आणि स्टेरॉइड दोन्ही असताना तो आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. सांध्यांतल्या दाहामुळे टीएनएफ, इंटरल्युकिन-6 यांसारखी द्रव्ये वाढतात आणि ती हाड पोखरणाऱ्या पेशींना चेतवतात, तर स्टेरॉइड नवे हाड घडवणाऱ्या पेशींना मंदावते. त्यामुळे घनता फारशी खालावलेली नसतानाही हाड मोडू शकते.

म्हणून ‘माझा फ्रॅक्स काढला का?’ हे आधी विचारा. पुढच्या 10 वर्षांत हाड मोडण्याची शक्यता सांगणाऱ्या या गणितात आमवाताला स्वतंत्र रकाना आहे. (वयोमानाने गुडघे झिजलेली मंडळीही तिथे खूण करतात, तो रकाना त्यांच्यासाठी नव्हे.) मूळ प्रश्नावलीत स्टेरॉइडचा डोस विचारत नाहीत, केवळ हो किंवा नाही, डोस 7.5 मिलिग्रॅमच्या वर असेल तर डॉक्टर उत्तर वाढवून धरतात. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रोज 2.5 मिलिग्रॅम किंवा अधिक स्टेरॉइड तीन महिन्यांहून जास्त काळ घेणाऱ्यांचा हा धोका तपासायला हवा, तेव्हा तुम्ही त्यात स्पष्टपणे बसता.

मणक्यांच्या बऱ्या आकड्यावरही विसंबू नका. वयानुसार मणक्यांच्या कडांवर हाड वाढते आणि घनता फसवी जास्त दिसते. शिवाय मणक्याची फ्रॅक्चर पुष्कळदा दुखतच नाहीत. भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभ्या राहा, डोक्यावर पुस्तक आडवे धरून कोणाला तरी पेन्सिलने खूण करायला सांगा आणि तरुणपणच्या उंचीशी ताडून पाहा; उंची घटली असेल तर एखादा मणका न कळत दबलेला असू शकतो.

कोजागिरी :
मी साडेतीन वर्षे अॅलेंड्रोनेट हे हाडांची झीज रोखणारे औषध घेतले, म्हणून गोळीविषयी लिहिते. आठवड्याची 70 मिलिग्रॅमची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास काही खायचे नाही, आडवे व्हायचे नाही. दुसऱ्याच आठवड्यात मी गोळी घेऊन पुन्हा पांघरुणात शिरले आणि संध्याकाळपर्यंत छातीच्या मध्यभागी निखारा ठेवल्यासारखे जळत राहिले. तेव्हापासून गोळी घेतली की मी कपड्यांच्या घड्या घालायला बसते. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नका. तसे केले तर अॅलेंड्रोनेट अंगी लागत नाही.

औषध सुरू होण्याआधी दातांची तपासणी उरकून घ्या, मूत्रपिंडाचे कार्य आणि ड जीवनसत्त्वाची पातळी पाहायला सांगा. दर सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅबचे, म्हणजे हाडांची झीज रोखणाऱ्या दुसऱ्या औषधाचे, इंजेक्शन सुचवले, तर ‘हे थांबवायचे झाल्यास पुढे कोणते औषध?’ हे पहिल्याच दिवशी विचारा. त्याची तारीख लांबली किंवा ते मध्येच सोडले, तर हाडांची झीज उसळी मारते आणि एकाच वेळी अनेक मणके मोडल्याची उदाहरणे आहेत. विसराळू माणसाने या इंजेक्शनच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उंबरठा :
एक भर घालतो. हाडांच्या औषधाइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे तीन वर्षे स्टेरॉइड का लागते आहे. सांधे अजून सुजत असतील तर मूळ उपचार बदलून स्टेरॉइड हळूहळू उतरवता येईल का, हे संधिवाततज्ज्ञांना विचारा. मनाने मात्र एक दिवसही बंद करू नका, कारण शरीराने स्वतःचे कॉर्टिसोल, म्हणजे नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणे कमी केलेले असते. कॅल्शियम आहार आणि गोळ्या मिळून दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅमपर्यंत पुरे. त्याहून जास्त घेऊन हाड अधिक बळकट होत नाही.

शेवंती :
सर्वांचे आभार. काल मुलीने भिंतीवर खूण केली. बाळंतपणाच्या जुन्या कागदांवर माझी उंची 158 सेंटिमीटर आहे आणि खूण 154 वर आली. आम्ही टेप पुन्हा लावून पाहिली. आज फोन करून मणक्यांच्या एक्स-रेविषयी विचारले आणि सोमवारची वेळ मिळाली. फ्रॅक्स आणि स्टेरॉइडचा प्रश्न कागदावर लिहून ठेवला आहे. एक राहिले : एक्स-रे होईपर्यंत वाकून करायची कामे टाळावीत का?

पिंपळपान :
हो, वाकून वजन उचलणे आणि कंबर पिळवटणारे व्यायाम तोवर टाळा. चालणे मात्र सोडू नका. पाठीत अचानक कळ आली तर सोमवारची वाट पाहू नका.